जुनी जिप्सी रॅलीसाठी पुन्हा उभी करताना

रॅलीची गाडी घरी बांधायची म्हटलं की बहुतेकांचे पैसे आधी इंजिनात जातात. मारुतीच्या जिप्सीच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. हिमालयातल्या कच्च्या रस्त्यांवर, राजस्थानच्या वाळूत आणि नाशिकच्या आसपासच्या मुरमाड टप्प्यांवर ही गाडी टिकली ती अश्वशक्तीमुळे नव्हे. शिडीसारखी चेसिस, चारही चाकांना पाटे, जेमतेम टनभर वजन आणि कुठल्याही गावात दुरुस्त होईल असा साधेपणा ही तिची ताकद. ती जिथे थांबते तिथेही कारण सहसा इंजिन नसतं. नकलचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचं) बेअरिंग जातं, शॉकॲबसॉर्बरचा ब्रॅकेट उपटतो, नाहीतर ट्रान्स्फर केसचं, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचं, रबर फाटतं. म्हणून काम खालून वर करायचं: चेसिस, पुढचा ॲक्सल, पाटे, ब्रेक आणि मग इंजिन.

कोणती गाडी घ्यावी

१९८५ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या जिप्सीत ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलेली 'वाइडट्रॅक' आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची आणि पाच गिअरची 'किंग', तर २००० च्या सुमारास १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन. घरच्या प्रकल्पासाठी १९९६ ते २००० मधली कार्ब्युरेटरची किंग सगळ्यात सोयीची. तिला ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) नाही, चाकांमधलं अंतर रुंद आहे आणि इंजिन एस्टीमच्या इंजिनाचं भावंड असल्याने रिंगा, पिस्टन, बेअरिंग मिळायला त्रास होत नाही. एमपीएफआय जास्त जोरकस आहे यात वाद नाही, पण तिच्या वायरिंगमध्ये आधीच्या तीन मालकांनी हात घातलेला असेल तर दोष शोधण्यातच महिना जातो.

लष्कराच्या लिलावातल्या गाड्या स्वस्त दिसतात. पैसे देण्याआधी एकच गोष्ट बघा: ती नोंदणी करता येईल अशा कागदांसह विकली जातेय की भंगार म्हणून? भंगार म्हणून विकलेल्या गाडीला पुढे नंबर मिळत नाही, मग ती सुट्या भागांसाठीच कामाची. महाराष्ट्रात खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी होतं आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. सरकारी नियमांत 'व्हिंटेज' गाडी म्हणजे ५० वर्षांहून जुनी, त्यामुळे त्या सवलती जिप्सीला लागू नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मान्य करत नाही. म्हणून रोज रस्त्यावर चालवायची गाडी आणि फक्त स्पर्धेसाठी ट्रेलरवर न्यायची गाडी यातलं काय बांधायचं, हे आजच ठरवा. दोन्ही एकात साधायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

खोलताना

साधारण १२ बाय २० फुटांची, वर छप्पर असलेली जागा लागते. बॉडी उचलायला चार माणसं पुरतात, पण आधी दारं, सीटा, टाकी, बॉनेट आणि काचेची फ्रेम उतरवून घ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका. चार भक्कम घोड्या घ्या, विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर गाडी ठेवू नका, कारण ते सूचना न देता फुटतात.

प्रत्येक जोडणी सोडवण्याआधी फोटो काढा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी, आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई तेलाने पुसली जाते. प्रॉपेलर शाफ्ट काढताना फ्लँज आणि शाफ्टवर पंचने खूण करा. चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर ग्राइंडर फिरवू नका आणि पुटी लावू नका. आरटीओत त्याचा ठसा घेतात, तो पुसट आला की सगळं अडकतं.

चेसिस

आधी वायर ब्रशने स्वच्छ करा, मग हातोडीच्या टोकाने दर दोन इंचांवर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला की आतून गंजलेला आहे. मागच्या पाट्यांचे हँगर, शॅकलच्या (पाट्याचं टोक लटकवणाऱ्या दुव्याच्या) वरची जागा आणि मागच्या चाकांच्या आतली बाजू नीट तपासा. चेसिस पेटीसारखी बंद असल्याने चिखल आत शिरतो आणि निचऱ्याची भोकं बुजली की वर्षानुवर्षं ओल धरून राहतो. कोकण-गोव्यात वापरलेली गाडी असेल तर बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या जागीही ठोकून बघा.

तडे शोधायचे ते स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीभोवती आणि शॉकॲबसॉर्बरच्या वरच्या ब्रॅकेटपाशी. डाय पेनिट्रंटचे स्प्रे वेल्डिंगच्या दुकानात मिळतात. लाल मारा, पुसा, पांढरा मारा, की तड्याची रेघ लाल उमटते.

वाक तपासायला ओळंबा पुरतो. चेसिस समतल ठेवा, पुढच्या आणि मागच्या हँगरच्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर चार खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चेसिस तिरपी झाली आहे. ती आधी सरळ करून घ्या, नाहीतर नंतर कितीही अलाइनमेंट केलं तरी गाडी एका बाजूला ओढत राहील.

तडा भरण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा व्ही आकारात कोरून मिग वेल्डिंगने भरा आणि वर ३ मिलिमीटरची पट्टी लावा. पट्टी चौकोनी कापू नका. टोकं निमुळती, माशासारखी ठेवा आणि चेसिसच्या आडव्या कडेवर उभा वेल्ड सरळ आरपार मारू नका. वेल्डच्या कडेला धातू तापून ठिसूळ होतो, आणि सरळ आडवी रेघ म्हणजे चेसिसला 'इथे मोड' असं सांगण्यासारखं आहे. हौसेने जागोजागी जाड प्लेट लावलेल्या गाड्या नेमक्या प्लेट संपते तिथे तुटतात.

रंगाच्या बाबतीत पावडर कोटिंगचा मोह टाळा. दिसतं छान, पण दगडाने टवका उडाला की पाणी थराखाली शिरतं आणि थर वरून अखंड दिसत राहतो. इपॉक्सी प्रायमरवर फिकट राखाडी पीयू रंग द्या. फिकट रंगावर नवीन तडा गंजाच्या रेघेने लगेच दिसतो, काळ्यावर दिसत नाही. शेवटी निचऱ्याची भोकं मोकळी करून आतून कॅव्हिटी वॅक्स मारा.

पुढचा ॲक्सल: इथे घाई नको

५० ते ७० च्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग थडथड हलायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हलत राहतं, हा जिप्सीचा जुना आजार. गल्लीतला इलाज म्हणजे नवा स्टिअरिंग डॅम्पर. तो आजार लपवतो, बरा करत नाही.

मूळ कारण शोधायला पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर नकलची, म्हणजे किंगपिनची बेअरिंगं गेली आहेत. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एक होतात, म्हणून हा फरक कळतो.

प्रत्येक बाजूला नकलचं एक बेअरिंग वर आणि एक खाली असतं. चारही एकदम बदला, बाहेरच्या कड्यांसह. जुन्या कड्यांवर रोलरच्या खुणा उमटलेल्या असतात आणि स्टिअरिंग बरोबर मध्यावर अडकल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. पिनांखालचे शिम (पातळ चकत्या) काढताना वरचे-खालचे आणि डावे-उजवे मिसळू देऊ नका. सगळं डिझेलने धुऊन, हवेने वाळवून घ्या. मात्र मोकळं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवू नका.

जोडताना मोठं गोल ऑइल सील अजून बसवायचं नाही. नुसती बेअरिंगं, पिना आणि शिम लावून बोल्ट पूर्ण आवळा. मग नकलच्या हाताला, टाय रॉडच्या भोकात साधा ताणकाटा अडकवून ओढा. नकल हलायला सुरुवात होते तेव्हा काटा १ ते १.८ किलोच्या दरम्यान असला पाहिजे. कमी असेल तर शिम काढा, जास्त असेल तर घाला. सील लावून मोजलं तर सीलचं घर्षण आकड्यात मिसळतं आणि बेअरिंग सैलच राहतं. नव्याने बांधलेला ॲक्सल दोन महिन्यांत पुन्हा थडथडतो त्याला बहुतेक वेळा ही एकच चूक कारणीभूत असते.

नकल उघडल्यावर ग्रीसऐवजी काळं सूप निघालं तर ॲक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलंय आणि डिफचं (डिफरन्शियलचं) तेल आत आलंय. हे सील पाच मिनिटांत बदलता येतं, पण त्यासाठी सगळं उघडावं लागतं, म्हणून आत्ताच बदला. शाफ्ट परत घालताना सरळ, हातावर तोलून घाला. घासत नेला तर नवं सील तिथेच फाटतं. सीव्ही जॉइंटला मॉलिब्डेनमचं ग्रीस, चाकांच्या बेअरिंगला लिथियम ईपी २. नकलच्या गोलावर गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर बाहेरचं सील महिनाभरात खरडून निघेल.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोर किती आत वळलेली आहेत ते, घरी मोजता येतो. दोन्ही टायरच्या मध्यावर चाक फिरवून खडूची रेघ मारा, रेघेवर खिळ्याने बारीक ओरखडा काढा आणि ॲक्सलच्या उंचीवर पुढून व मागून अंतर मोजा. पुढचं अंतर २ ते ६ मिलिमीटरने कमी हवं.

पाटे आणि शॉक

पाट्यांचा संच उतरवून प्रत्येक पान वेगळं करा. मधल्या भोकापाशी तडा असलेलं पान फेकून द्या, वेल्ड करू नका. कमान गेली असेल तर पाटेवाल्याकडून कमान देऊन घ्या, पण त्याने पान तापवून ठोकलं तर पुन्हा पाणी दिलं पाहिजे. नुसतं ठोकून दिलेली कमान दोन दौडीत बसते. यू-बोल्ट एकदा ताणले की ताणले, ते नवेच घ्या.

रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनचार वेळा दाबून सोडा आणि मग आवळा. हवेत आवळलेलं बुश गाडीचं वजन येताच पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. पॉलियुरेथेनची बुशं जास्त टिकतात, पण कडक असल्याने पाट्याला तिरकं वळू देत नाहीत. कच्च्या रस्त्यावर चारही चाकं जमिनीला धरून ठेवायची असतील तर चांगल्या कंपनीचं रबरच बरं.

शॉकची लांबी अंदाजाने घेऊ नका. पाटा बंप रबरवर पूर्ण दाबून अंतर मोजा. त्या स्थितीत शॉकमध्ये किमान १५ मिलिमीटर शिल्लक पाहिजेत, नाहीतर आपटीचा मार बंप रबरऐवजी शॉक खातो आणि ब्रॅकेट चेसिसमधून उपटतो. ॲक्सल पूर्ण लोंबता असताना दुसरं टोक बघा: शॉक, ब्रेकचा होज आणि ब्रीदरची (डिफला हवा घेऊ-सोडू देणाऱ्या तोंडाची) नळी यांपैकी काहीही ताणलेलं नसावं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही.

मोठे टायर हा आणखी एक मोह. किंगला २०५/७० आर १५ येतात, व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. २३५/७५ घातले की व्यास सुमारे ७३४ होतो, म्हणजे सगळे गिअर जवळपास १० टक्क्यांनी लांब. मूळच्याच बेताच्या इंजिनाला घाटात दुसरा गिअर झेपत नाही आणि काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८८ ने पळत असते.

ट्रान्स्फर केस आणि डिफ

जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, तीन रबरांवर टांगलेली असते. क्लच सोडताना खालून 'धाड' आवाज आला तर ही रबरं फाटली आहेत. तिन्ही एकदम बदला. एकच बदललं तर केस तिरकी बसते आणि मधल्या छोट्या शाफ्टचे क्रॉस खाते. शाफ्टचे दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत, एक दात जरी फिरला तरी ६० च्या वर गाडी गुणगुणायला लागते.

तेल फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. गिअरबॉक्सला जीएल ४ दर्जाचं, कारण त्यातल्या पितळी सिंक्रो रिंगांना काही जीएल ५ तेलं खातात. डिफला मात्र जीएल ५ च. दोन्ही डिफच्या ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली वर आणा. तापलेलं डिफ ओढ्याच्या थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत खेचते. दुसऱ्या दिवशी तेल ताकासारखं पांढरं निघतं.

इंजिन

उघडण्याआधी मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चांगल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १४ किलोच्या आसपास येतं, १२ च्या खाली गेलं की काम निघालं, आणि दोन सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आकडे चांगले असतील तर इंजिनाला हात लावू नका, सील, बेल्ट, वॉटर पंप आणि होज बदलून ठेवा.

बोअर करायची वेळ आली तर पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याला पिस्टन हातात देऊन बोअर करून घ्या. मूळ बोअर ७४ मिलिमीटर, पिस्टन आणि भिंतीमध्ये ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर फट. वरच्या रिंगेची तोंडाची फट ०.२० ते ०.३५. कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्यातली भोसरी, नाशिकचं अंबड-सातपूर अशा ठिकाणी हे काम नीट होतं, फक्त मोजमाप समोर उभं राहून घ्या. हेड ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलं असेल तर फेसिंग. कार्ब्युरेटरच्या आठ व्हॉल्व्ह इंजिनाला थंड असताना इनलेटची टॅपेट फट ०.१३ ते ०.१७ आणि एक्झॉस्टची ०.१६ ते ०.२०. टॅपेट वाजू नये म्हणून एक्झॉस्ट घट्ट ठेवणारे मिस्त्री भेटतील. त्याने व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, उष्णता बाहेर जात नाही आणि व्हॉल्व्ह जळतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवय रॅलीच्या गाडीलाही वाईटच. इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापतच असेल तर रेडिएटर उघडून गाळ काढा आणि पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे का बघा, ते बहुतेक गाड्यांत गायब असतं. एअर फिल्टरच्या डब्याचं रबर नवं घ्या. उघडा कोनासारखा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा आणि पुढच्या गाडीची सगळी धूळ ओढतो. बारीक धूळ रिंगांना पॉलिश पेपरसारखी खाते.

ब्रेक

सगळे होज, व्हील सिलिंडरच्या किट आणि मास्टर सिलिंडर नवे. गंजलेल्या पाइपाऐवजी फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वापरू नका, ती कंपनांनी कडक होऊन फ्लेअरपाशी चिरते. स्टीलची बंडी नळी किंवा तांबं-निकेलची, दुहेरी फ्लेअर करून. डॉट ४ नवीन डबा फोडून भरा आणि हवा सगळ्यात लांबच्या चाकापासून काढा.

केज, सीट, पट्टे

केजच्या, म्हणजे गाडी उलटल्यावर आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या बाबतीत काटकसर नको. एफआयएच्या (मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरची आणि बाकीच्यासाठी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ मिलिमीटरची थंड ओढलेली, बिनजोड स्टील नळी सांगितली आहे. दुकानात 'सीडीएस सीमलेस' म्हणून मागा. पाण्याचा जीआय पाइप जोडावर फाटतो आणि त्याच्या जस्ताचा धूर वेल्डरला आजारी पाडतो. वाकवताना त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, आतल्या बाजूला सुरकुती पडली की तो तुकडा बाद. मुख्य पायाखाली ३ मिलिमीटर जाड, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि किमान तीन एम ८, ८.८ ग्रेडचे बोल्ट.

जिप्सीत एक पेच आहे. बॉडी रबरांवर बसते आणि चेसिस तिच्याखाली पिळत असते. काही पाय पत्र्यावर आणि काही आरपार चेसिसवर असा केज बांधला तर त्या पिळाचा भार केजच्या वेल्डवर येतो. एकच पद्धत धरा, आणि कोणती ते ज्या स्पर्धेत उतरायचं तिच्या तांत्रिक नियमांत बघूनच ठरवा, नळी कापण्याआधी.

खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून खाली जास्तीत जास्त ४५ अंश असावेत, १० च्या आसपास उत्तम. सरळ जमिनीला बांधलेले पट्टे धडकेत मणका दाबतात. आणि केज असलेली गाडी हेल्मेटशिवाय चालवणं म्हणजे डोक्याशेजारी लोखंडी पाइप घेऊन फिरणं. कठीण फोमचं पॅडिंग असलं तरीही.

वायरिंग

१०० वॉटचे चार दिवे म्हणजे १२ व्होल्टवर ३३ अँपिअर. ते स्विचमधून नेले तर स्विच वितळतो. दोन दिव्यांना एक रिले, ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ २५ अँपिअरचा फ्यूज. सगळी वीज एकदम तोडणारा मास्टर स्विच सहा टोकांचा घ्या. साध्या दोन टोकांच्या स्विचने बॅटरी तुटते पण इंजिन अल्टरनेटरवर चालूच राहतं, आणि अचानक वाढलेल्या व्होल्टेजने रेग्युलेटर उडतो.

पहिल्या फेऱ्या

प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क पान्ह्याने आवळल्यावर त्यावरून बोल्टपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढा. पहिली फेरी ५ किलोमीटर, मग हात लावून चारही हब बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटतोय. ५० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शॅकल, स्टिअरिंग बॉक्स आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. यू-बोल्ट हमखास थोडे फिरतात, कारण पाट्यांमधला रंग दबतो. इंजिन बांधलेलं असेल तर ५०० किलोमीटरला तेल बदला आणि १००० पर्यंत पूर्ण जोर टाळा. मग एखाद्या कच्च्या रस्त्यावर तासभर चालवून आणा, गाडी धुवा आणि टॉर्च घेऊन खाली झोपा: पिवळी रेघ तुटलेला प्रत्येक नट आणि राखाडी रंगावर उमटलेली प्रत्येक बारीक रेघ वहीत लिहा.